बत्तिसावी गाठ

आमचे हे शाळेत शिपाई होते. स्वातंत्र्यदिनाला झेंड्याची गाठ मारायचं काम त्यांचंच. झेंडा वर गेला की दोरीच्या एका हिसक्यात सुटणारी गाठ. "एकतीस वर्षांत माझी गाठ एकदाही अडकली नाही," हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मग त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि ते वाक्यही बंद झालं. गेल्या वर्षी दुसऱ्या कुणी बांधलेला झेंडा वर जाऊन अडकला आणि अख्खी शाळा माना वर करून ताटकळली. म्हणून यंदा मुख्याध्यापिका घरी आल्या. हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "एका हाताने गाठ बसत नाही, बाई." नात शेजारीच बसली होती. म्हणाली, "मग दुसरा माझा घ्या की, आजोबा." आठवडाभर दोघांनी माझ्या परकरांच्या नाड्यांवर सराव केला, त्यांचा डावा हात, तिचा उजवा. एक नाडी धड ठेवली नाही. आज सकाळी दोघांनी मिळून झेंडा बांधला. बाईंनी दोरीला हिसका दिला तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घेतले, ते टाळ्या ऐकल्यावरच उघडले. घरी परतताना हे घसा खाकरून म्हणाले, "बत्तीस वर्षांत आमची गाठ एकदाही अडकली नाही." मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, "काय म्हणालात?"