बाबांच्या हातची कपाटं

"लाकडाला जीव असतो! जो लाकूड जपतो, तोच माणसं जपतो!" स्टुलावर चढून, हातातलं फडकं उंचावून जावईबापूंनी अशी घोषणा केली, तेव्हा त्यांची बायको बाल्कनीत उकिडवी बसून कुकर लावत होती. स्वयंपाकघरात सागवानी कपाटं लागल्यापासून तिथे वाफेला मज्जाव होता. तिचे वडील सुतार. लेकीसाठी ती कपाटं त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवली होती, आणि आता ते दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते.

"अहो, बाबांना एकदा बघून येते. सारखं माझं नाव घेतायत म्हणे."

"अगं, आत्ताच कुठे पॉलिशचा हात मारलाय, त्यात हवा ही अशी दमट. तू गेलीस तर दारं कोण पुसणार? मी ऑफिसला जाऊ की फडकं घेऊन बसू? आणि ही कपाटं म्हणजे त्यांचीच आठवण ना? तीच तर जपतोय आपण!"

तिनं दारं पुसली. दुसऱ्या दिवशीही पुसली. संध्याकाळी भावाचा फोन आला, "ताई, बाबा गेले गं."

कपाटाच्या दाराला कपाळ टेकून ती हमसून हमसून रडू लागली. जावईबापू लगबगीनं आले, तिच्या खांद्यावर हळुवार हात ठेवला आणि लोण्याहून मऊ आवाजात म्हणाले,


"अगं, जरा इकडे सरकून रडतेस का?"