१२३४५६७९

अर्धांगवायूने उजवा हात गेला, तेव्हापासून चुरी सर डाव्या हाताने लिहायला शिकत होते. बाकी आकडे जमायचे, सहा मात्र हटकून उलटा पडायचा आणि त्याचा तीन व्हायचा. काकू त्यांना माझ्या माणिकपूरच्या फिजिओथेरपी सेंटरवर घेऊन आल्या. सरांनी मला ओळखलं नाही.

मी कागदावर लिहिलं, १२३४५६७९. "सर, याला चोपन्नने गुणा. उत्तरात नुसते सहाच येतात. तेवढाच सराव."

"अहो, हे तर तुमचंच लाडकं गणित!" काकू म्हणाल्या. सरही हसले. घाम पुसत त्यांनी गुणाकार केला. उत्तरात नऊच्या नऊ तीन.

मी कागद टराटरा फाडला. "पुन्हा."

पुढचाही फाडला. सर तिसऱ्या कागदावर वाकले.

"किती मन लावून शिकवतेस गं," काकू म्हणाल्या.

"सरांचीच पद्धत आहे, काकू. भुईगावच्या शाळेत चौथीला असताना माझाही सहा उलटा पडायचा." मग मी सरांकडे वळले. "मला वर्गासमोर उभं करून काय म्हणायचात, आठवतंय? या संख्येत आठ नाही..."

सरांनी मान वर करून माझा चेहरा नीट पाहिला. मग जड जिभेने म्हणाले, "आणि तुझ्या डोक्यात मेंदू नाही."

"शाब्बास," मी नवा कागद पुढे सरकवला. "आता 'माझ्या डोक्यात' म्हणा."