चार किलो आले कुठून?

“पुन्हा चढवा त्याला,” ती म्हणाली. “तुमचा काटाच बिघडलाय.”

जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या कुत्र्याला, भोवऱ्याला, पुन्हा वजनकाट्यावर उभं केलं. आकडा तोच. तीन महिन्यांत चार किलो वाढ.

“बाई, ही बर्फात गाड्या ओढणारी जात. हस्कीला रोज दोन तास पळवावंच लागतं. हा पळत नाहीये. बसून खातोय. अंगातली रग जिरली नाही, की घर फाडणारच.”

“म्हणजे मी खोटं बोलतेय? रोज साडेपाचला नवरा नेतो माझा. दोन तास!”

डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत होता.

ती शाळेत गणित शिकवायची, आणि तिच्याच घरात असलं उदाहरण! खाणं मोजून, पळणं दोन तास, तरी वजन वाढतंय. त्यात घराची पार रया गेलेली. सोफ्याच्या उशा गेल्या, दाराची चौकट कुरतडून झाली, आणि काल चाचणीचे छत्तीस पेपर. आता मुख्याध्यापकांना काय सांगायचं, कुत्र्याने खाल्ले? कुठल्या पोराने हे कारण दिलं असतं, तर तिने त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

“बस झालं,” घरी येताच तिने जाहीर केलं. “रविवारी याला शेतावर देऊन टाकायचं. आमच्या चित्रकलेच्या बाई न्यायला तयार आहेत.”

नऊ वर्षांच्या लेकीने भोवऱ्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं. रात्री पोर जेवलीच नाही.

“एक आठवडा थांब ना,” नवरा म्हणाला.

“कशाला? तू पळवतोस तरी का त्याला? का बाकावर बसून पेंगतोस?”

तो नुसता हसला. त्याचं हे नेहमीचंच. कुणी काही बोललं, की हसायचं! दहा वर्षांपूर्वी तो लग्नाचं विचारायला गेला, तेव्हा तिच्या वडिलांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. “चष्म्याच्या काचा घासणाऱ्याला मी मुलगी देत नाही,” म्हणाले होते. तेव्हाही हा हसलाच. संतापली होती ती. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली आणि पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. दोनदा पत्र आलं, ते न फोडता परत पाठवलं. नदीपलीकडे ते घर उभं आहे की पडलं, याचीही चौकशी केली नाही. त्या माणसाचं नाव घरात काढायचं नाही, हे तिने नवऱ्याला बजावून ठेवलं होतं.

आणि ज्याच्यासाठी जन्मदात्याशी वैर घेतलं, तोच आता तिच्याशी खोटं बोलत होता! याला काय म्हणावं?

खोटंच होतं ते. संध्याकाळी तिने भोवऱ्याच्या अंगावरून हात फिरवला. केस मऊसूत, शेपटीत एक गुंता नाही.

“याला विंचरतं कोण?”

“मीच की.”

“कशाने? ब्रश तर त्याने गेल्या महिन्यातच चावून टाकला.”

नवऱ्याला एकाएकी खोकला आला. कुणीतरी रोज निवांत बसून हे केस विंचरत होतं, आणि भोवऱ्याला भरवतही होतं. घरात हा गप्प, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी घरी रोज सकाळी दोन तास! तिला रात्रभर डोळा लागला नाही.

शुक्रवारी नवरा तापाने फणफणला. तरी साडेपाचला बुटाच्या नाड्या बांधायला बसला.

“पड मुकाट्याने. मी नेते.”

त्याचा चेहरा पडला. “तू नको. तो फार ओढतो. तुला नाही झेपायचं.”

“झेपतं की नाही, ते बघतेच मी!”

मैदान डावीकडे होतं. भोवरा फाटकातून निघाला तो सरळ उजवीकडे. एकाही खांबाशी थांबला नाही. चार गल्ल्या तिला फरफटत नेऊन तो लाँड्रीमागच्या जिन्याने पहिल्या मजल्यावर चढला आणि एका दारापुढे शेपूट हलवत बसला. दाराशी पाण्याचं भांडं भरून ठेवलेलं होतं. अगदी हक्काच्या पाहुण्यासारखं!

तिची कानशिलं तापली. काय बोलायचं ते तिने वाटेतच ठरवलं होतं, आणि त्यातला एक शब्दही ती गिळणार नव्हती.

दार नुसतं लोटलेलं होतं. भोवरा पंजाने ते ढकलून आत पळाला. ती चपला न काढता मागोमाग घुसली. खुर्चीवर ब्रश, त्यात पांढरे-करडे केस. आतल्या ओट्याशी कुणीतरी उकडलेली अंडी सोलत होतं.

तिने तोंड उघडलं, पण आवाज आतूनच आला.

“या जावईबापू, आज उशीर केलात. भोवऱ्याला शेतावर नका पाठवू, मी सांभाळतो. नदीपलीकडचं घर सोडून इथे आल्यापासून त्याचीच तर सोबत आहे. फक्त तो माझ्याकडे आहे, हे पोरीला कळू देऊ नका. तुम्ही मला केव्हाच माफ केलंत, पण ती तुमच्यासाठी अजून भांडतेय माझ्याशी.”