बंद असताना

"ओव्हनचा नॉब कुठाय, ताई?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

सुनेने पर्स उघडली. किल्ल्या, रुमाल, औषधाची चिठ्ठी बाजूला सारून तिने काळा नॉब काढला आणि ओट्यावर ठेवला.

"दागिन्यासारखा जपलाय की!" तो हसला.

"सासूबाई विसरतात. ओव्हन चालू ठेवून निघून जातात. म्हणून काढून ठेवते." शेजारणीला, नणंदेला, डॉक्टरांना सांगून सांगून हे वाक्य तिला पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

"मग आज मला कशाला बोलावलंत?"

याचा पाढा नव्हता. ती थांबत थांबत बोलली. "काल पाव मी भाजला. बंदही मीच केला. नॉब पर्समध्ये टाकून बाहेर गेले. चार तासांनी आले, तर ओव्हन धगधगत होता."

दुरुस्तीवाल्याने मान डोलवली, ओव्हन पुढे ओढला आणि मागचा पत्रा उघडला. मीटरच्या दोन सुया कॉइलच्या टोकांना लावल्या. "नॉब बसवा. आता चालू करा. आता बंद. पुन्हा चालू."

"चालू असताना काय दिसणार?"

"काही नाही. चालू असताना सगळंच शहाणं दिसतं. दुखणं बंद असताना कळतं."

पाचव्यांदा तिने नॉब बंदवर आणला. दिवा विझला. मीटरवरचा आकडा मात्र होता तिथेच होता.

"धरला!" तो म्हणाला. मेन स्विच पाडून त्याने बोर्ड बाहेर काढला आणि त्यावरच्या एका चौकोनी डबीवर नख टेकवलं. "हा रिले, म्हणजे आतला स्विच. नॉब म्हणतो थांब, दिवा म्हणतो थांबलं. हा आतल्या आत चिकटून बसतो आणि कॉइलला वीज देतच राहतो. कधी चिकटतो, कधी सुटतो, म्हणून सापडत नाही. लोक कॉइल बदलतात, सेन्सर बदलतात. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

स्वतःच्या विनोदावर तो हसला. सून बाहेरच्या खोलीकडे बघत होती. सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. पायात चपला, पायाशी बॅग. चारला गाडी येणार होती. वृद्धाश्रमाच्या कागदावर सही त्यांनी आपणहून केली होती. "उद्या घर पेटलं तर गं?" असंही त्याच म्हणाल्या होत्या. ते वाक्य मुळात सुनेचं होतं.

"कधीपासून असेल हे?"

"पाच-सहा महिने सहज. हा करपलेला डाग एका दिवसाचा नाही."

पाच महिने. पहिल्यांदा बिस्किटांच्या दिवशी, तेव्हा ती नुसती बोलली. दुसऱ्यांदा ओरडली. तिसऱ्यांदा नॉब काढला. छातीत काहीतरी ढवळून येईल म्हणून ती वाट बघत राहिली. काही आलं नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं लांब होतं.

दुरुस्तीवाल्याने मोबाइलवर वायरींचा फोटो काढला आणि जुन्या बोर्डावरून एकेक वायर सोडवून पिशवीतून काढलेल्या नव्यावर लावत गेला. "एका वेळी एकच. दोन सोडल्या की डोकं फिरतं." पत्रा बसला, ओव्हन मागे गेला, मेन स्विच चालू झाला. नव्या बोर्डावरचं घड्याळ लुकलुकायला लागलं.

"किती वाजले?"

"पावणेचार."

त्याने वेळ लावली आणि बाहेर हाक मारली. "आजी, या! तुमच्या हातानं बघा एकदा."

सासूबाई उठल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आल्या आणि सुनेकडे बघून थांबल्या. "येऊ का?"

"या ना, आई."

त्यांनी ओव्हन चालू केला. थोडं थांबून बंद केला. दिवा विझला. मग त्याच्या दाराच्या काचेवर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

"बंद आहे, आजी."

"हो. मलाही तसंच वाटायचं."

"तसंच होतं, आई." सुनेने जुना बोर्ड त्यांच्यासमोर धरला. "तुम्ही बंद करायचात. दर वेळी. बिघडला होता तो हा."

सासूबाईंनी बोर्ड हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि जपून ओट्यावर ठेवला.

"असेल बाई. पण मला आता आठवायला लागलंय. ओव्हन चालू आहे, आणि मी तशीच निघालेय. अगदी दारापर्यंत गेलेली आठवते."

दुरुस्तीवाला उगाचच पेचकस मोजत बसला. सासूबाईंनी काचेवर उमटलेला तळवा बाहीने पुसला आणि खुर्चीपाशी जाऊन बॅग उचलली. खाली हॉर्न वाजला.

"आई, थांबा!"

त्या थांबल्या. सून पुढे झाली. त्यांच्या हातातली बॅग घ्यायला तिने हात पुढे केला, तर तिची मूठ मिटलेली होती. तिने ती उघडली. आत नॉब होता. ओव्हन बंद झाल्यावर कधी तिने तो उपसून घेतला, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

सासूबाईंनी तिची बोटं हलकेच पुन्हा मिटवली.

"ठेव पर्समध्ये," त्या म्हणाल्या. "हरवेल."