शेवटची किटली

"आधी वास, मग दूध! मला हुंगू दिल्याशिवाय एकही किटली पुढे जाणार नाही," काकी दूधकेंद्राच्या दारात कंबर कसून उभी राहिली.

सगळ्या गावाचं दूध एकाच मोठ्या कॅनमध्ये जायचं आणि काल पुन्हा सगळा कॅन नासला होता. कुणा एकाच्या खराब दुधानं सगळ्यांचं वाटोळं. आजही नासलं, तर टँकर उद्यापासून फाट्यावर थांबणार नव्हता. रांगेत नुसतं कुणी खाकरलं तरी सगळे दचकत होते.

एरवी ही रांग म्हणजेच गाव. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची सून रुसली, सगळं इथेच कळायचं. रांगेत दिसेल तो आपला, नाही दिसला तो पाहुणा.

शिवणवाली सगळ्यांत मागे होती. मागच्या उन्हाळ्यात एक गाय आणि शिलाई मशीन घेऊन गावात आलेली. रोज किटली करंगळीवर झुलवत यायची. आज तिनं ती छातीशी घट्ट धरली होती.

"काय हो वहिनी," पुढच्या मावशीनं मान वळवली, "आमचं दूध सगळ्यांसमोर ओततात आणि तुमचं तेवढं दादा आत घेऊन जातात! फारच लाडकं दिसतंय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एकेक करत सगळ्यांच्या नजरा मागे वळल्या आणि तिथेच चिकटल्या.

"उघडा," काकी म्हणाली.

"राहू द्या ना काकी," माप घेणारे दादा धावत बाहेर आले. "त्यात तसलं काही नाहीये."

"अस्सं! म्हणजे तुम्हालाही ठाऊक आहे तर!"



शिवणवाली मागे सरकली. "मी जाते घरी. उद्यापासून येणारही नाही. पण उघडू नका, पाया पडते तुमच्या."

"चोराच्या मनात चांदणं!" मावशीनं किटली हिसकावली. काकीनं नाक आधीच मुरडून झाकण ओढलं. ते निघता निघेना. शेवटी कर्रकन निघालं आणि सगळी रांग आत डोकावली.

वास आलाच नाही. दुधाचा थेंबही नव्हता. "गाय केव्हाच आटली त्यांची, नुसत्या रांगेसाठी येतात," दादा पुटपुटले. कोरड्या ठणठणीत तळाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं, तेही बरंच जुनं.