मासवडीवर रुसवा

नूतननं कुत्र्याच्या पिल्लासाठी खाद्याच्या कोरड्या गोळ्यांत कोंबडीचा अळणी रस्सा कालवला, कोमट आहे का ते बोटानं बघितलं आणि वाटी पुढं सरकवली. पिल्लानं तोंड फिरवलं.

"खा ना रं सोन्या, एकच घास!"

चार दिवस हेच चाललं होतं आणि बाळासाहेबांच्या पोटात दुखत होतं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्यांना घास खा म्हणून कुणी असं विनवलं नव्हतं. पाचव्या दिवशी ताटात मासवडी आली, तर त्यांनीही तोंड फिरवलं.

"मला नाय जात."

नूतननं घड्याळाकडं बघितलं. पंधरा मिनिटांनी ती उठली. आता विनवणार, म्हणून बाळासाहेबांनी मान अजून वळवली. तिनं ताट उचलून आत नेलं. ते बघून पिल्लानं घाईघाईनं वाटी चाटूनपुसून साफ केली.

मग नूतननं घोडेगावला जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, नखरं केलं की पंधरा मिनिटांत ताट उचलायचं, हा तुमचा उपाय लई भारी! पिल्लू लगेच सुधारलं. आमच्या ह्यांना अजून दोन-चार दिवस लागत्याल."