ठासणीची बंदूक

भूकंपानंतरचा पहिला दसरा पत्र्याच्या शेडात आला. ढिगाऱ्यातून निघालेली पणजोबांची बंदूक आप्पासाहेबांनी पुजली अन् गमतीनं धाकट्या नातीवर रोखली. “हात वर!” जरा खुट्ट झालं की किंचाळणारी चिमी चक्क खुदकन हसली! थोरली ऋतुजा मात्र पुढं सरसावली. “आप्पा, नका ना!” “लातूरला ट्यूशन लावली तरी येडीच हायेस! ठासणीची बंदूक हाय. नळीत बारूद ठासल्याबिगर उडती व्हय?” आप्पांनी घोडा मागं ओढून चढवला, तशी वर्षानुवर्षांच्या कुंकवाची खपली नळीच्या बुडावरून गळाली. खाली बिजागरी दिसली. म्हणजे तिथं झाकण होतं, बंदूक मागूनही भरता येत होती! ऋतुजानं झेप घेऊन नळी वर ढकलली अन् झाकण उचकटलं. आत पितळी काडतूस होतं. आप्पांनी बंदूक खाली ठेवली. चिमी हात वर करूनच खिदळत होती, “मारा की, आप्पा!”